वजन ५८ किलोवरच अडकलंय, स्क्वॉटही ६० किलोच्या पुढे जाईना

प्रश्न: उंची ५ फूट ८ इंच, शाकाहारी. आठवड्यातून तीनदा स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन उठबस), बेंच (बाकावर झोपून बार वर ढकलणं), डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं). दोन महिने काटा हललेला नाही. काय चुकतंय?

प्रतिसाद १: खाणं कमी पडतंय. रोज ३०० ते ४०० कॅलरी वाढवा. प्रथिनं किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे साधारण ९३ ग्रॅम. अर्धा लिटर दुधात १६ ग्रॅम प्रथिनं, ५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये २६, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, ५० ग्रॅम शेंगदाण्यांत १३. उरलेलं डाळ-भाकरीतून निघतं. पोट लगेच गच्च होत असेल तर दुधात केळं नि दाण्याचं कूट फिरवून प्या.

प्रतिसाद २: वजन सकाळी उठल्यावर, अनशापोटी करा नि आठवड्याची सरासरी धरा. आठवड्याला पाव किलो वाढ पुरे. महिनोन्‌महिने त्याहून वेगानं वाढलं, तर बरीचशी चरबीच साठते.

प्रतिसाद ३: स्क्वॉट ५ रेप्सचे (म्हणजे सलग ५ उठबशांचे) ३ सेट, दोन सेटच्या मध्ये ३ मिनिटं विश्रांती. सगळे रेप्स पूर्ण झाले तरच पुढच्या वेळी अडीच किलो चढवा. तळातून उठताना गुडघे आत पडतात, टाचा सुटतात. बहुतेकांची उठबस तिथेच फसते. मऊ तळाचे रनिंग शूज घालू नका. तीनदा अडकलात तर ५५ किलोवर उतरून पुन्हा चढा. आणि डेडलिफ्ट आठवड्यातून एकदाच, कंबरेला सावरायला वेळ द्या.