नऊ दिवसांची ओळख आणि बारा दिवसांचं मेघालय: सल्ला हवा

अर्धीसॅक (१३ सप्टेंबर)

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये हिंजवडीतली नोकरी सोडली. तेव्हापासून फिरणं, परत येणं, थोडं फ्रीलान्स टेस्टिंगचं काम, पुन्हा फिरणं असं चाललंय. ऑगस्टमध्ये हिमाचलातल्या स्पितीला होतो. रेकाँग पिओहून काझाला निघालेली बस नाकोच्या पुढे मलिंग नाल्यापाशी दरड आल्यामुळे मागे फिरली आणि आम्ही चौघं अनोळखी एका होमस्टेत दोन दिवस अडकलो. मग काझा, 'की' गावचा गोंपा (बौद्ध मठ), लांगझा सगळं एकत्रच केलं. एकूण नऊ दिवस. आता व्हॉट्सअ‍ॅपवर 'मलिंग नाला' नावाचा ग्रुप आहे आणि नोव्हेंबरअखेर बारा दिवस मेघालय असं जवळजवळ ठरलंय. मी पुण्याचा, एक नागपूरचा, एक नाशिकची, आणि एक मूळ कोचीचा पण नोकरीला बंगळूरला.

आता अडचणी. स्पितीत मजा आली हे खरं, पण तिथे पर्यायच नव्हता. बस एक, खोली एक, जेवायला मिळेल ते. मेघालयात दहा पर्याय असतील आणि प्रत्येकाचं मत असेल. दुसरं, पैसे. नागपूरकर सढळ हाताचा आहे, मी हात राखून. दिवसाला बाराशेच्या वर गेलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आणि तिसरं, जे खरं दुखणं आहे, ते म्हणजे मधले हे दोन महिने. परत आल्यावर चार दिवस बरे जातात. मग आई भाजी निवडता निवडता विचारते, "आता पुढे काय?" त्याला "मेघालय" हे उत्तर चालत नाही. काम समोर उघडं असतं आणि मी फोनवर नाकोच्या तळ्याचे फोटो बघत असतो. सॅक कोपऱ्यात अजून अर्धी भरलेली आहे, आयडी उगीच नाही घेतलेला.

"नशीबवान आहेस लेका" असे प्रतिसाद कृपया नकोत. ते ऑफिसातले जुने मित्र देतात.

डोंगरवेडी (१३ सप्टेंबर)

पहिलं काम: आज सॅक रिकामी कर. गंमत नाही करत. पावसाळ्यात बंद सॅकमध्ये बुरशी धरते आणि तो वास आयुष्यभर जात नाही. ऊन पडलं की उलटी करून टांग. स्लीपिंग बॅग पिशवीत कोंबून ठेवू नकोस, आतलं भरण बसतं आणि ऊब जाते. जुन्या मोठ्या अभ्र्यात सैल ठेव. हेडटॉर्चमधले सेल काढ, पाझरले तर टॉर्च गेली. औषधांच्या पाकिटावरच्या तारखा बघ.

बूट मात्र ठेवून देऊ नकोस, वापरत राहा. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) तळ नुसता पडून राहिला तरी त्याचा भुगा होतो. माझा अख्खा तळ राजगडावर चोर दरवाजाच्या खाली निघाला होता. चपलेच्या दोरीने बांधून उतरले, खाली गुंजवण्यात लोक बूट बघून हसत होते.

खर्चवही (१३ सप्टेंबर)

नोकरी सोडलीस म्हणजे कंपनीचा आरोग्य विमाही सुटला. स्वतःचा काढलास का? नसेल तर मेघालयच्या आधी काढ आणि लवकर काढ, कारण नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून बाकी आजारांचे दावे सहसा मिळत नाहीत. नोव्हेंबरला निघताना घेतलास तर अर्थ नाही.

पीएफला हात लावू नकोस. सलग पाच वर्षं नोकरी झालेली नसेल तर काढलेल्या रकमेवर करही लागतो. फिरायचं खातं वेगळं कर. त्यात जेवढं असेल तेवढीच ट्रिप. सहा महिन्यांच्या घरखर्चाची एफडी मोडायची नाही, अगदी कुणी लडाखला बाइकवर चल म्हटलं तरी.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे बाय द वे), रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. म्हणजे तुमच्या तारखांची खिडकी सप्टेंबरअखेर उघडेल. तोपर्यंत 'जवळजवळ ठरलंय' मधला जवळजवळ काढून टाका.

गोडबोलेनाही (१३ सप्टेंबर)

आमच्या वेळी याला बेकारी म्हणत. आता दोन ट्रिपांमधला काळ म्हणतात. चालू द्या.

अर्धीसॅक (१३ सप्टेंबर)

@गोडबोलेनाही, आईचा आयडी आहे का हा?

@खर्चवही, विम्याचं डोक्यातच नव्हतं. उद्याच बघतो. @डोंगरवेडी, सॅक उघडली. तळाशी काझ्यात घेतलेले जर्दाळू निघाले. पुढचं वर्णन करत नाही.

तिसरीसीट (१४ सप्टेंबर)

दोन वर्षांपूर्वी मी हेच केलंय, मेघालयच, आणि असेच हॉस्टेलवर भेटलेले मित्र. सविस्तर लिहितो, कारण त्यातल्या एकाशी आजही बोलणं नाही.

आम्ही सहा जण ठरलो होतो. सहा जणांच्या हिशेबाने बारा दिवसांची गाडी ठरवली. निघायच्या चार दिवस आधी दोघे गळले. कुणी आगाऊ काही दिलेलंच नव्हतं, त्यामुळे त्यांचा वाटा आमच्या चौघांवर आला. ट्रिप सुरू व्हायच्या आधीच प्रत्येकाच्या मनात एक आकडा कुरतडत होता.

मग रिवाज असा पडला की जो पुढे असेल त्याने पैसे द्यायचे, हिशेब नंतर. नंतर म्हणजे कधीच नाही. सोहऱ्याला, म्हणजे आपलं चेरापुंजी, एका छोट्या खानावळीत तिघांनी जादोह घेतला. डुकराच्या मटणातला, तिथल्या खासी लोकांचा भात, अप्रतिम असतो. चौथा शाकाहारी. त्याने साधा भात, डाळ आणि बटाट्याची भाजी खाल्ली. बिल आलं आणि एकाने सवयीने चार भाग केले. त्याच्या वाट्याला जास्त गेले ते ऐंशी रुपये. तो तेव्हा काही बोलला नाही. रात्री खोलीवर त्याने वहीच काढली. तीत पाच दिवसांतले सगळे असे ऐंशी रुपये तारीखवार लिहिलेले होते. आम्ही हसलो. हसायला नको होतं.

खरा स्फोट मात्र वेळेवरून झाला. तिकडे नोव्हेंबरअखेर दुपारी साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. नकाशा बघितल्याशिवाय हे लक्षात येत नाही, कारण घड्याळ आपल्याच वेळेचं असतं. तिर्ना गावातून नाँग्रियाटच्या, झाडांच्या जिवंत मुळांच्या दुमजली पुलाकडे उतरायला साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत, आणि तेवढ्याच परत चढायच्या. सकाळी सातला निघायचं ठरलं होतं. आमच्यातले दोघे साडेदहाला उठले. परत येताना शेवटच्या हजार पायऱ्या दोन मोबाइलच्या उजेडात चढलो. वर येईपर्यंत कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि ते दमल्यामुळे नव्हतं.

आता माझं मत. गाडी आणि खोली सामायिक, खाणं ज्याचं त्याचं. गाडी-खोलीची कॉन्ट्री निघायच्या आधी जमा, आणि मागाहून गळणाऱ्याला परत नाही. हे तोंडी नको, ग्रुपवर लिहा. बारा दिवसांची गाडी मुळात लागतच नाही. गुवाहाटीला पलटण बाजारातून शिलाँगच्या शेअर सुमो मिळतात, साधारण शंभर किलोमीटर. शिलाँगहून सोहरा पंचावन्न-साठ किलोमीटर, तिकडेही बडा बाजारातून सुमो जातात. गाडी फक्त डावकी आणि मावलिन्नाँग ही गावं बघायच्या दिवशी करा. फक्त रविवारी प्रवास टाळा. खासी भागात रविवार चर्चचा, दुकानं बंद, सुमो तुरळक. नाँग्रियाटला रोख पैसे घेऊन उतरा. नोव्हेंबरच्या मध्याला शिलाँगला चेरी ब्लॉसमचा महोत्सव असतो, तेव्हा खोल्या महाग. तुम्ही अखेरीला जाताय ते बरं.

मिरचीठेचा (१४ सप्टेंबर)

नाशिकच्या मुलीच्या बाजूने लिहिते, ती इथे नाही म्हणून. खोल्यांचं काय हे तिला आधी विचारा, आणि ग्रुपवर नको, वेगळं विचारा. सगळ्यांसमोर विचारलं की "मला काय, चालेल" असंच उत्तर येतं. मी तसंच उत्तर देत आले आणि मग डॉर्ममध्ये रात्रभर जागी राहिले.

परतीचं तिकीट प्रत्येकाचं आपापलं, आपापल्या फोनवर. दोन रात्री वेगळं राहावंसं वाटलं तर राहता यावं आणि त्याचा रुसवा कुणी धरू नये, हे आधीच बोलून घ्या. माझ्या सगळ्यात छान जमलेल्या ट्रिपमध्ये आम्ही तिघी चौथ्या दिवशी वेगळ्या झालो आणि सातव्या दिवशी बस स्टँडवर पुन्हा भेटलो. मिठ्याबिठ्या. सतत चिकटून राहिलो असतो तर तिथेच जुंपली असती.

तिसरीसीट (१४ सप्टेंबर)

+१. हा मुद्दा माझ्याकडून राहिला होता. आमचं बिनसलं कारण वेगळं होणं म्हणजे भांडण असंच सगळे धरून चालले होते.

नानानगरकर (१४ सप्टेंबर)

मी बॅकपॅकर नव्हे. पाठीवर पडशी म्हणाल तर ती आहे. सहा वर्षं आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पायी जातो. दिंडीत शंभरेक माणसं, निम्म्यांची नावंही ठाऊक नसतात, सगळे एकमेकांना माउलीच म्हणतात. तंबूत डोक्याला डोकं लागतं, कुणी घोरतं, कुणी पहाटे तीनला उठून पितळी वाजवतं. तरी पंढरपूर येतं. कसं येतं ते सांगतो.

एक, जेवणाची भिशी निघायच्या आधी भरायची. वाटेत पैशाचा विषय नाही. दोन, वळकटी ट्रकमध्ये कुठे टाकायची, पाणी कुणी भरायचं, हे ठरलेलं. तीन, आणि हे तुम्ही घ्याच. मुक्कामी संध्याकाळी समाज आरती होते. सगळ्या दिंड्या टाळ वाजवत जमतात. चोपदार चोप उंच करतो की एकदम शांतता. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातो, तक्रार ऐकून घेतो, निवाडा करतो. तेव्हाच टाळ थांबतात. काल रात्रीचं गाऱ्हाणं उद्या चालताना पायात येत नाही.

तुम्ही चौघे. रोज जेवण झालं की दहा मिनिटं काढा. ज्याचं काही असेल त्याने बोलावं. त्या वहीवाल्या पोराला पहिल्याच रात्री टाळ वाजवता आले असते तर तो आज तिसरीसीट यांच्याशी बोलत असता.

मधल्या दोन महिन्यांचं म्हणाल तर मला त्याचं नवल वाटतं. आम्ही अकरा महिने घरी असतो. कांदा काढायचा असतो.

डोंगरवेडी (१४ सप्टेंबर)

नाना, _/\_ वाखुसा (वाचनखूण साठवली).

अर्धीसॅक, एक करा. मेघालयची तिकिटं काढा, पण त्याआधी चौघांनी पुण्यात भेटून के टू एस मारा. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगड, रात्रभर, पंधराएक किलोमीटर, टेकडीमागून टेकडी. वाटेत पाण्याचा भरवसा नाही, तीन-चार लिटर ज्याचं त्याने वाहायचं. सिंहगडाच्या टॉवरचा लाल दिवा तासन् तास समोर दिसतो आणि जवळ येत नाही. त्यात माणूस कळतो. कोण पाणी जपून पितो, कोण मागच्यासाठी थांबतो, कोण पहाटे तीनला गप्प होतो. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत), हॉटेलात बसून चार तास केलेल्या प्लॅनिंगपेक्षा हे बरं.

गोडबोलेनाही (१५ सप्टेंबर)

नानांचा प्रतिसाद आवडला. धागाकर्त्याला एकच सांगतो. आईच्या प्रश्नाला ट्रिपचं नाव सांगू नकोस, काम सांग. "नोव्हेंबरपर्यंत अमुक इतकं काम संपवणार आहे." माझा मुलगा हेच करतो. त्याच्या आईला ते पटत नाही, पण ती निदान जेवताना विचारायची थांबली आहे.

अर्धीसॅक (६ ऑक्टोबर)

अपडेट द्यायचं राहिलं होतं. विमा काढला. काम रोज सकाळी नऊ ते एक, फोन आईच्या खोलीत. (तिला हे भलतंच आवडलंय.) खोल्यांचं नाशिकवालीला वेगळं विचारलं. तिला दोन ठिकाणी स्वतंत्र खोली हवी होती, तसं ठरलं. जास्तीचे पैसे ती एकटी देणार यावर नागपूरकर भांडला, ती ऐकेना. परतीची तिकिटं चार वेगवेगळी. गाडी-खोलीची कॉन्ट्री प्रत्येकी सहा हजार, जमा झाली. शेवटची माझी आली.

परवा शनिवारी, कोजागिरीच्या आधी, के टू एस केलं. चंद्र जवळजवळ पूर्ण होता, गवत कमरेएवढं आणि दवाने ओलं. उतारावर चौघेही बसून घसरलो. कोचीकर बंगळूरहून रात्रीच्या बसने केळ्याचे वेफर्स घेऊन आला आणि ते चौथ्या टेकडीपर्यंत संपले. नागपूरकराने थर्मासमधून मसाला दूध आणलं होतं, सगळ्यांसाठी, पण स्वतःसाठी पाणी एकच लिटर. दोन वाजता संपलं. माझ्याकडे साडेतीन लिटर होतं. मी दिलं, पण मनात मोजत होतो हे कबूल करतो.

सकाळी गडावर पिठलं-भाकरी खायला बसलो. नानांचा प्रतिसाद मी आधीच सगळ्यांना वाचून दाखवला होता. खाऊन झालं. कुणी काही बोलेना. मग नाशिकवालीने चमचा उचलला आणि ताटावर वाजवायला लागली. आम्ही हसलो, थांबलो. ती माझ्याकडे बघत वाजवतच होती.

"तू रात्रभर सारखा पुढे जाऊन वळून बघत होतास," ती म्हणाली. "थांबत होतास, पण उपकार केल्यासारखा."

मला वाटत होतं मी छान थांबतोय. काय बोलावं सुचेना. कोचीकराने त्याच्या मोडक्या हिंदीत विचारलं, चोपदार कौन है? नागपूरकर म्हणाला, मी. आणि त्याने निवाडा दिला: मेघालयात तू सगळ्यात शेवटी चालायचंस.

२४ नोव्हेंबरला निघतोय. एक प्रश्न राहिला तो इथे टाकतो. दवात बूट पार भिजलेत, उन्हात वाळवावेत की पंख्याखाली?

डोंगरवेडी (६ ऑक्टोबर)

पंख्याखाली. आत वर्तमानपत्र कोंब आणि दर दोन तासांनी बदल. उन्हात ठेवलेस तर चिकटवण सुटेल.