मुलांबरोबर आकाश बघताना : तुमच्या घरचे अनुभव लिहा

ग्रहांचा क्रम तोंडपाठ, पण संध्याकाळी पश्चिमेला दिसणारा शुक्र ओळखता येत नाही, अशी मुलं आपल्या आसपास पुष्कळ आहेत. ज्यांनी गच्चीवर, अंगणात, गावी मुलांना सोबत घेऊन आकाश बघितलं, त्यांनी सुरुवात कशी केली आणि मुलांनी पुढे काय केलं ते लिहावं. क्लासची माहिती नको. तुम्ही स्वतः काय केलंत ते हवं आहे.

डोंबिवली, एक आई
आमची सुरुवात वांगणीला झाली. खगोल मंडळाचा रात्रभराचा कार्यक्रम होता, लेक पाचवीत. संध्याकाळी कृत्तिका, रोहिणी, मग पहाटे वृश्चिक वर येईपर्यंत ती जागी. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून न्या. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि पांढरा उजेड एकदा डोळ्यांवर आला की पुन्हा पहिल्यापासून. "स्कॉलरशिपचं वर्ष आहे," असं नातेवाइकांनी ऐकवलं. तरी पाठवलं, आणि बरं केलं. आमच्या गच्चीवर उजेड फार, पण मृगातले तीन तारे दिसतात. त्यांच्या रेषेत खाली आलं की व्याध, हे तिने बिल्डिंगमधल्या मुलांना शिकवलंय.

कोल्हापूर, बाबा
शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते तो दिवस, मुलांबरोबर जरूर करा. कोल्हापुरात तो मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्यात साधारण मेच्या मध्यात, नागपुरात शेवटच्या आठवड्यात. सुट्टीच असते. दुसऱ्यांदा सूर्य डोक्यावर येतो तो पावसाळ्यात, तेव्हा ढगांमुळे बहुधा काही दिसत नाही.
आम्ही एक मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी केली. साडेबाराच्या सुमारास सावली नाहीशी झाली. त्याच दिवशी नागपूरच्या मावसभावाने तशीच काठी लावली होती. तिकडे मध्यान्ह थोडी आधी होते, म्हणून सावली सर्वांत आखूड कधी होते ते तो थांबून बघत होता. ती साधारण 8 सेंटिमीटर भरली. आठवीतल्या मुलीने त्यावरून कोन काढला, साडेचार अंशांच्या आसपास. मग नकाशावर दोन्ही गावांमधलं फक्त दक्षिणोत्तर अंतर मोजलं (रस्त्याचं घेऊ नका, ते खूप जास्त भरतं). ते 490 किलोमीटरच्या जवळपास आलं. उरलेलं त्रैराशिक. पृथ्वीचा परीघ 40 हजार किलोमीटरच्या इतका जवळ आला की दोघं फोनवर ओरडायलाच लागली. सावलीवरून परीघ काढायची ही रीत दोन हजार वर्षांहून जुनी आहे, हे मी त्यांना नंतर सांगितलं. आधी सांगायला नको असं मला मनापासून वाटतं.

लातूरजवळचं गाव, आत्या
सात-आठ जूनला मृग लागतो. आमच्या आण्णांना पावसाची सगळी नक्षत्रं पाठ. भाच्याने त्यांना विचारलं, "मृग लागला, तर मग रात्री आकाशात मृग का दिसत नाही?" आण्णा थबकले. दोघांनी मिळून उत्तर शोधलं. नक्षत्र लागतं म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात असतो, म्हणून ते दिवसा वर असतं आणि उजेडात दिसत नाही. आता उघडीप मिळाली की पहाटे पूर्वेला मृग आला का, ते दोघं मिळून बघतात. आण्णांना मी इतकं खुललेलं फार दिवसांनी पाहिलं.

नाशिक, बाबा
दुर्बीण घेण्याआधी 10 बाय 50 चा बायनॉक्युलर घ्या. कठड्यावर टेकवून धरला की गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात. मुलगा रोज वहीत एक गोल आणि चार ठिपके काढतो. जागा रोज बदलतात, कधी तीनच दिसतात. चौथा कुठे गेला हे त्याचं त्यालाच शोधू दिलं.

मेलबर्न, आई
इथून ध्रुवतारा दिसत नाही आणि मृग उलटा दिसतो. सांगलीच्या आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलताना लेकीने तिला त्रिशंकू (दक्षिणेकडचा, क्रॉससारखा दिसणारा तारकासमूह) शोधायला लावला. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास तो सांगलीतूनही दक्षिणेला, क्षितिजालगत दिसतो. आजीला सापडला!

पुणे, आई
ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आहे, पुणेकरांनी त्यांच्या आकाशदर्शनाला मुलांसोबत जावं. माझा मुलगा दोन हिवाळे आवडीने गेला, मग तारे मागे पडले. आता दुर्बीण बनते कशी, यातच तो गुंतलाय, आणि मला ते तितकंच आवडतंय. सध्या घरात सहा इंची आरसा घासणं चालू आहे. इथे कोणी घरी आरसा घासला असेल तर कृपया सविस्तर लिहा. काच घासायची कार्बोरंडमची भरड, 80 नंबरची भुकटी थांबवून जरा बारीक 120 वर कधी जायचं, हे काचेकडे बघून कसं ओळखता? तो उत्तराची वाट बघतोय.