अनुभव धागा : सेंद्रिय भाजीची आठवड्याची टोपली घेता का? परवडते का, संपते का?

मानपाडा, ठाणे (धागा मीच काढतेय)

दर बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे सेंद्रिय भाजीची टोपली येते. पाच किलो, आठ-नऊ प्रकार, ७५० रुपये. बारा आठवड्यांचे ९,००० रुपये आगाऊ भरले होते. ती मुदत या महिनाअखेरीस संपते. पुन्हा भरायचे की नाही, यावर आठवडाभर घरात बोलणं चाललंय.

घरात आम्ही चौघं. मी, नवरा, सासूबाई आणि पाचवीतली लेक. मागचे तीन बुधवार मी टोपलीत आलेलं सगळं वजनासकट वहीत लिहिलं. मग नाक्यावरच्या भाजीवाल्या दादांना तेवढ्याच भाजीचा भाव विचारून समोर मांडला. ३९०, ३६० आणि ४१० रुपये निघाले. म्हणजे महिन्याला जवळपास दीड हजार जास्त जातात. लेकीच्या कथ्थकच्या क्लासची फी तेवढीच आहे, त्यामुळे हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही.

चवीचं म्हणाल तर गाजर, काकडी आणि कोथिंबीर यांत फरक आहे, अगदी डोळे मिटून सांगेन. दुधी, कोबी, वांगी यांत मला तरी कळला नाही.

तुमचे अनुभव हवेत. घरात माणसं किती, टोपली किती दिवसांत संपते, टाकून किती द्यावं लागतं, आणि चालू ठेवलीत किंवा बंद केलीत ती नेमकी कशामुळे? आरोग्यापुढे पैसा मोठा नाही हे मलाही पटतं, पण महिन्याचा हिशेब मलाच बसवायचा असतो. म्हणून जरा सविस्तर लिहा.

नेरूळ, घरी दोघंच

आठ महिने घेतली आणि बंद केली. दोघंही नोकरीला, घरी पोचायला साडेआठ होतात. टोपली शनिवारी यायची. शनिवार-रविवार भाज्या व्हायच्या, सोमवारी एखादी. मंगळवारपासून वरणभात नाहीतर अंडी.

एका गुरुवारी फ्रिजचा खालचा ड्रॉवर उघडला. मेथीची जुडी रबर न काढताच ठेवली गेली होती. वरची पानं हिरवीगार, हातात घेतली तर आत देठांशी सगळा काळा चिखल. ओट्याशी उभी होते आणि डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी उन्हात बसून खुरपून, फवारणी न करता वाढवलेली भाजी मी कचऱ्यात घालत होते.

त्यानंतर महिनाभर फेकलेलं वजन करून लिहिलं. टोपली साडेचार किलोची, ६०० रुपयांची. त्यातलं सरासरी एक किलो तीनशे ग्रॅम आठवड्याला जात होतं. कागदावर भाव किलोला १३३ रुपये, पण पोटात गेलेल्या भाजीचा भाव पडला १८७. शिवाय सलग तीन आठवडे दुधी आला होता. निवडायची सोय नव्हती.

आता रविवारी सेक्टरच्या मंडईतून लागेल तेवढंच आणतो. सेंद्रिय घेतो ते तांदूळ, तूरडाळ आणि गूळ. ते महिनाभर टिकतं, वाया जात नाही. ताई, तुमच्या वहीत एक रकाना फेकलेल्या भाजीचाही घाला.

कोपरी, ठाणे पूर्व

माझं गाव जुन्नर तालुक्यात. नोकरीमुळे मी इकडे आलो, धाकटा भाऊ शेती बघतो. त्याने तीस गुंठे सेंद्रियवर आणले, त्यामुळे ही भाजी महाग का, हे मी जवळून पाहिलंय.

रासायनिक खत सोडलं म्हणजे दुसऱ्या दिवसापासून माल सेंद्रिय होत नाही. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमाने हंगामी पिकांना पेरणीआधी दोन वर्षांचा आणि फळबागेला पहिल्या तोडणीआधी तीन वर्षांचा रूपांतराचा काळ जावा लागतो. त्या काळात उत्पन्न खाली येतं आणि भाव साध्या भाजीचाच मिळतो. धाकट्याचा टोमॅटो पहिल्या वर्षी निम्मासुद्धा निघाला नाही. भावजयीने बचत गटाचं कर्ज काढलं होतं, ते फेडताना दोघांचे हाल मी पाहिलेत. तणनाशक मारायचं नाही म्हणजे खुरपणीला माणसं लावायची, आणि त्या रोजाचे पैसे मालाच्या भावातूनच यायचे. जीवामृत म्हणजे घरीच बनवायचं पातळ खत, त्याला खर्च फारसा नाही. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालायची. पण ते रोज काठीने ढवळायला लागतं. निंबोळी अर्क पाऊस पडला की धुऊन जातो, पुन्हा फवारा. घरातला एक माणूस या कामात अडकूनच असतो.

म्हणून दुप्पट भाव मला लूट वाटत नाही. पण त्या भावाला माल खरा असला पाहिजे. प्रमाणपत्र मागा, लाजू नका. प्रमाणपत्रं दोन तऱ्हेची असतात. एकात बाहेरची संस्था येऊन शेत तपासते. ते खर्चिक असतं, मोठ्या आणि निर्यातीच्या मालाला परवडतं. दुसरी पीजीएस, म्हणजे सहभागी हमी पद्धत. तिच्यात गटातले शेतकरी एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात. तिच्यातही 'ग्रीन' म्हणजे रूपांतर चालू आणि 'ऑरगॅनिक' म्हणजे रूपांतर पूर्ण. पाकीटबंद मालावर सेंद्रियाचं सरकारी चिन्ह असतं, तेही बघा.

आम्हीही इथे एक टोपली लावली होती. मे महिन्यात तिच्यात पांढराशुभ्र फ्लॉवर आला, एका अळीचा डाग नाही. आमच्या शेतात त्या उन्हात फवाऱ्याशिवाय असा गड्डा मी कधी पाहिलेला नाही. फोन करून विचारलं, कुठल्या गावचा? म्हणाले, आमच्याशी जोडलेल्या शेतकऱ्यांचा. गावाचं नाव सांगा म्हटलं, तर सांगता येईना. त्याच दिवशी बंद केली. उरलेले पैसे परत मिळायला दीड महिना लागला. ताई, तुम्ही गावाचं नाव विचारलंय का?

वाशी

माझे मिस्टर २२ वर्षं तुर्भ्याच्या भाजीपाला मार्केटमध्ये गाळ्यावर कामाला आहेत. रात्री गाड्या लागतात, पहाटे व्यवहार होतो. आदल्या दिवशी दुपारी नाशिक किंवा पुणे भागात तोडलेला माल सकाळी ठाण्या-मुंबईच्या नाक्यांवर असतो. ताजेपणाच्या बाबतीत बाजारच्या भाजीला नावं ठेवू नयेत असं मला मनापासून वाटतं. काही टोपल्यांतला माल दोन-दोन दिवस गोदामात वाट बघत पडतो.

फवारणीची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. आमच्या घरी मिठाच्या पाण्यात भाजी घालून ठेवतो, मग वाहत्या पाण्याखाली चोळून धुतो. कोबीची वरची दोन-तीन पानं काढून टाकतो. याने वरवरचं बरंच जातं. जे औषध झाड मुळांतून किंवा पानांतून आत शोषून घेतं, ते मात्र धुऊन जात नाही, हेही स्पष्ट सांगते.

माझी कळकळ वेगळीच आहे. आमच्या शेजारच्या घरात 'सेंद्रिय परवडत नाही, बाजारातली विषारी' असं करत करत भाज्याच कमी झाल्या. मुलं बटाटा आणि पनीर यांवरच वाढतायत. कुणाच्याही घरात असं होऊ नये.

खारघर, दहा महिन्यांचं बाळ

वाशीच्या ताई, अगदी पटलं. बाळाला वरचं अन्न सुरू करताना मी घाबरून सगळंच सेंद्रिय घ्यायला लागले होते. महिन्याचं बिल बघून नवरा काही बोलला नाही, पण माझंच मन खाऊ लागलं. आमच्या डॉक्टर म्हणाल्या, आधी तऱ्हेतऱ्हेच्या भाज्या त्याच्या जिभेवरून जाऊ देत.

मग पूर्ण टोपली बंद करून समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंबरोबर अर्धी-अर्धी घेऊ लागले. मंगळवारी टोपली आली की त्यांच्या दारातच वाटणी करतो. पालक, माठ, गाजर, लाल भोपळा माझ्याकडे येतं. कारली आणि सुरण त्यांच्याकडे जातं, त्यांना सोलायला-चिरायला वेळ असतो. महिन्याला मला १,१०० रुपये पडतात आणि फेकायला काही उरत नाही. पालेभाजी मी आल्या आल्या निवडते. न धुता, कोरड्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवते. टोमॅटो तिच्या शेजारी ठेवत नाही, पानं लवकर पिवळी पडतात.

कळवा

आमच्याकडे टोपली कधीच नव्हती. पण पावसाळ्यात माझ्या आई ठाणे स्टेशनबाहेर शहापूर-मुरबाडकडून येणाऱ्या आदिवासी मावश्यांकडून जे आणतात, त्याला काय म्हणायचं? टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कंटोळी. ही कुणी लावत नाही, हिला खत नाही, फवारा नाही. प्रमाणपत्रही नाही. तरी याहून सेंद्रिय मला माहीत नाही.

शेवळं येतात ती पावसाच्या अगदी सुरुवातीला. आई वरचं वेष्टण सोलून आतला पिवळा भाग काढून टाकतात, नाहीतर घसा खाजतो. मग काकडं, म्हणजे रानातली आंबट फळं, ठेचून त्यांच्या रसात शेवळं शिजवतात. ती काकडंही त्याच मावशी शेवळांच्या वाट्यासोबत देतात, कारण एकाशिवाय दुसरं घेऊन उपयोग नाही हे त्यांना ठाऊक असतं. कुठल्याही टोपलीत ही समज मिळणार नाही. एकच विनंती, या बायकांशी भावावरून घासाघीस करू नका. पहाटेची गाडी पकडून डोक्यावरून आणतात हो.

ऐरोली, सोसायटीची मागणी गोळा करणारा

२०१६ मध्ये राज्याने फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या केल्या. त्यानंतर शहरात थेट माल आणणं शेतकऱ्यांना बरंच सोपं झालं. आमची ओळख मात्र २०२० च्या टाळेबंदीत झाली. वाशीचा बाजार काही दिवस बंद होता आणि शहापूर तालुक्यातले एक शेतकरी टेम्पो घेऊन गेटवर आले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी येतात. आज आमची २८ घरं आहेत. बुधवारी रात्री ते शेतात काय तयार आहे ते कळवतात, शुक्रवारपर्यंत ज्याने त्याने हवं ते सांगायचं. मधलं कुणी नाही, त्यामुळे भाव बाजाराच्या सव्वापट ते दीडपट, दुप्पट कधीच नाही.

वर्षातून एकदा आम्ही मुलांना घेऊन शेतावर जातो. कोपरीच्या काकांनी जीवामृताचं लिहिलंय, तो ड्रम आमच्या मुलांनी ढवळलाय. माझ्या मुलाने तिथे पहिल्यांदा वांग्याचं फूल पाहिलं. जांभळं फूल बघून तो कितीतरी वेळ तिथेच उकिडवा बसला होता.

अडचणही सांगतो. एका जुलैत सलग पावसाने पालेभाजी कुजली आणि तीन रविवार टेम्पो आलाच नाही. त्यांनी विचारलं, थोडे पैसे आगाऊ द्याल का, पुन्हा पेरायचंय. सोसायटीत वाद झाला. काहींचं म्हणणं, माल नाही तर पैसे कसले? १९ घरांनी प्रत्येकी ५०० रुपये दिले, ९ घरांनी नाही. त्या नऊ घरांना मी दोष देत नाही, प्रत्येकाची ओढाताण वेगळी असते. सप्टेंबरात माल आल्यावर त्यांनी पैसे पैपैने वळते केले. पण आपण महिन्याची वर्गणी भरतो ती मालाची किंमत म्हणून, की शेतकऱ्याच्या जोखमीतला वाटा म्हणून? हे आधी ठरलेलं असावं, नाहीतर संबंध बिघडतात.

मानपाडा, पुन्हा मी

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खूप आधार वाटला.

नेरूळच्या ताईंचं ऐकून या बुधवारपासून फेकलेल्याचा रकाना घातला. पाच किलोंतलं चारशे ग्रॅम गेलं, तेही बहुतेक मुळ्याचा पाला. सासूबाई म्हणाल्या, तो फेकायचा नसतो, मुगाची डाळ घालून भाजी होते. मला माहीतच नव्हतं. म्हणजे आमचं फेकणं थोडं आहे, आणि ते त्यांच्यामुळे. दुपारी टीव्हीसमोर ताट घेऊन बसून पालेभाजी त्याच निवडतात. त्या दोन महिने गावी गेल्या की माझी गतही नेरूळसारखीच होईल.

कोपरीच्या काकांनी सुचवलं तसा फोन केला. पालेभाज्या, मुळा, गाजर, काकडी मुरबाड तालुक्यातल्या एका गावातून येतात. गावाचं नाव लगेच सांगितलं आणि गटाच्या पीजीएस प्रमाणपत्राचा फोटोही पाठवला, 'ऑरगॅनिक'चा आहे. कोबी, फ्लॉवर, ढोबळी मिरची मात्र 'वेगवेगळ्या ठिकाणांहून', आणि त्यांचा कागद नाही. कोबीत मला फरक का कळत नव्हता, याचं उत्तर बहुधा यातच आहे.

मग त्यांना सांगितलं, मुरबाडचं तेवढंच द्या, अडीच किलो, बाकीचं नको. थोडे आढेवेढे घेतले, पण ४०० रुपयांत तयार झाले. पैसेही तीन महिन्यांचे नाही, महिन्याचे भरीन म्हटलं. उरलेली भाजी नाक्यावरच्या दादांकडून घेईन, साधारण २०० रुपयांची. आठवड्याला दीडशे वाचतात, महिन्याला सहाशे. नवऱ्याला हे पटलंय.

खरं सांगायचं तर पूर्ण बंद करणं मला जमलं नसतं. मागच्या टोपलीत चाकवताची जुडी होती. मी ती ओळखलीसुद्धा नाही, पालक समजून बाजूला ठेवली. सासूबाईंनी एक पान बोटांत चुरगळलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हा चाकवत. लग्न होऊन ठाण्याला आले त्यानंतर घरात आलाच नाही." रात्री त्यांनी स्वतः ताकातली पातळ भाजी केली, दाणे आणि हरभऱ्याची डाळ घालून, वरून लसणाची फोडणी. लेकीने दोनदा भात घेतला.

ऐरोलीच्या दादांना एक विचारायचंय. तुमचे शेतकरी घोडबंदर रोडपर्यंत येतील का? आमच्या सोसायटीत अकरा घरं तयार आहेत. किमान किती लागतात?