मुलाचं गेमिंग: नाद म्हणून सोडून द्यायचं की डॉक्टर गाठायचा? (मदत हवी आहे)

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून मित्रांबरोबर टीम करून ऑनलाइन गेम खेळतो. आम्ही फारसं मनावर घेतलं नाही, कारण अभ्यास बरा होता, आणि त्या वयात हातातली कादंबरी संपेपर्यंत मीही कुणाला ओ देत नसे.

गेल्या सहा महिन्यांत मात्र काहीतरी बिनसलंय. मागच्या आठवड्यात रात्री दोनला पाणी प्यायला उठले, म्हणून त्याच्या खोलीत डोकावले. गाढ झोपलेला. उशी नीट करायला गेले तर खाली मोबाईल, आणि तो चांगलाच तापलेला. सकाळी विचारलं तर "नाही गं, दहालाच झोपलो" म्हणाला, तेही सरळ माझ्याकडे बघून. खेळला त्यापेक्षा ते जास्त लागलं.

पोहायला जाणं सोडलंय. एकदा नवऱ्याने चिडून वायफाय बंद केलं तर हेडफोन भिंतीवर आपटला. आणखी एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपतेय. दोनदा त्याने आपणहून गेम उडवला, आम्ही काही बोललोही नव्हतो. दोन्ही वेळा चार दिवसांत परत घेतला.

दुसरी बाजूही सांगते. मार्क थोडेच घसरलेत, मित्र आहेत, घरात हसतो-बोलतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, २०२२ पासून लागू. त्यात तीन गोष्टी बघतात: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. पण हे साधारण १२ महिने दिसायला हवं म्हणे. आमचे सहाच झालेत. मग काय, आणखी सहा महिने बघत बसायचं? आणि रोज किती तास झाले की जास्त समजायचं?

कोरी पाटी:
राउटर काढून कपाटात ठेवा. दोन दिवस थयथयाट करेल, तिसऱ्या दिवशी गप्प. एवढ्याचा कसला आजार!

पायरीवरची मांजर:
ताई, राउटर कपाटात नको. मी किशोरवयीन मुलांचं समुपदेशन करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तासांचा आकडा आयसीडी-११ च्या व्याख्येत नाहीच. सुट्टीत दिवसभर खेळून शाळा सुरू झाल्यावर आपणहून कमी करणारी मुलं असतात, आणि रोज दोनच तास खेळून ते लपवण्यात उरलेला दिवस घालवणारीही असतात.

हेडफोन आपटण्यावर मी फार भर देणार नाही. ऑनलाइन मॅच मध्येच थांबवता येत नाही. अर्ध्यात बाहेर पडलं की बऱ्याच गेममध्ये गुण कापले जातात, वर टीमच्या शिव्या. असं तोडलं तर कुणीही चिडेल. गेम हाताशी नसताना एरवीही तो अस्वस्थ, चिडचिडा असतो का, ते बघा. त्याहून महत्त्वाचं तुम्ही स्वतःच लिहिलंय: झोप, खोटं बोलणं, पोहणं सुटणं, आणि स्वतः ठरवूनही न जमणं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या पुस्तकात, पुढील अभ्यासाचा विषय म्हणून, गेमिंगच्या विकाराची नऊ लक्षणं दिली आहेत आणि वर्षभरात पाच किंवा जास्त असा निकष आहे. तुमच्या या गोष्टींतल्या तीन त्यात सरळ बसतात. उरलेली मुलाशी बोलल्याशिवाय कळणार नाहीत, उदाहरणार्थ मन खट्टू झालं की तो गेमकडे वळतो का.

१२ महिन्यांची अट निदानासाठी आहे, सल्ला घ्यायला नाही. त्रास तीव्र असेल तर निदानही आधी करता येतं. आजार नाही पण धोका आहे, अशांसाठी आयसीडी-११ मध्ये 'धोकादायक गेमिंग' हा वेगळा प्रकारही आहे. नऊ प्रश्नांची प्रश्नावली नेटवर मिळेल, ९ ते ४५ गुणांची. पण ती भरून घेऊन त्याच्या कपाळावर आकडा चिकटवू नका.

सहा महिन्यांपूर्वी काय बदललं, हे मात्र शोधा.

उंबरठा:
आमच्याकडे उलटं निघालं. मुलगी गेममुळे अभ्यास करत नाही असं धरून आम्ही वर्षभर भांडलो. तपासणीत एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड करणारा विकार, निघाला. वहीवर लक्षच टिकत नव्हतं, गेममध्ये टिकायचं. उपचारांनी गेम सुटला नाही, घरातली भांडणं सुटली.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. कोरी पाटी, वायफायचा प्रयोग करून झालाय, वर लिहिलंय.

काल ओरडण्याऐवजी मॅच संपेपर्यंत त्याच्या शेजारी बसले. वीस मिनिटं लागली, मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. संपल्यावर सहज विचारलं, पोहणं का सोडलंस? बराच वेळ कीबोर्डवरची धूळ नखाने काढत बसला. मग म्हणाला, "तिथे सगळ्यांत मागे मीच असतो." पुढे काही नाही.

समुपदेशकांची मंगळवारची वेळ घेतली आहे. "एकदाच येईन" या अटीवर तयार झालाय. रात्री सगळ्यांचे मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, असंही ठरलं. पहिल्याच रात्री नवरोबा पाय न वाजवता आपला आणायला निघाले होते, लेकानेच पकडलं.

आता एवढंच सांगा, पहिल्या भेटीत मी आत बसायचं की बाहेर? आणि तापलेल्या मोबाईलचं मी सांगायचं की त्याच्यावर सोडायचं?