मदत हवी आहे: घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या घरात दाढीच्या साबणाचा फेस टिकत नाही

नमस्कार.

ब्रश, साबणाची वडी आणि दुधारी पात्याचा रेझर वापरून दाढी करणाऱ्या जाणकारांकडून मला मार्गदर्शन हवे आहे. दाढी माझी नाही, माझ्या ७९ वर्षांच्या वडिलांची आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हातांना कंप सुटला, तेव्हापासून एक दिवसाआड सकाळी मी त्यांची दाढी करून देतो. या वयात त्वचा इतकी पातळ झालेली असते की फेस नीट नसेल तर पाते किती का नवे असेना, हनुवटीखाली ओरखडा उठतोच.

ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत राहत होतो तोपर्यंत काहीही अडचण नव्हती. इमारत पुनर्विकासाला गेल्यावर आम्ही कासारवडवलीला भाड्याच्या घरात आलो आणि तेव्हापासून फेस बिघडला आहे. ब्रश तोच आहे, डुकराच्या राठ केसांचा, दहा वर्षे वापरून टोके मऊ झालेला. साबणही तोच, स्टीलच्या वाटीत बसवलेली गोल वडी. पूर्वी मिनिटभर ब्रश फिरवला की सायीसारखा दाट फेस यायचा. आता येतो तो मोठ्या बुडबुड्यांचा आणि पातळ असतो. उजवा गाल होईपर्यंत डाव्या गालावरचा सुकून पांढरी पापडी उरते. साबण जास्त घेऊन पाहिला, तर ब्रशच्या मुळाशी चिकट गोळे जमले.

मला आधी पाण्याची शंका आली, कारण सोसायटीत महापालिकेच्या पाण्याबरोबर बोअरवेलचे आणि टँकरचे पाणीही टाकीत सोडतात. मात्र त्याच पाण्यात शाम्पूला भरपूर फेस येतो, म्हणून ती शंका मी सोडून दिली. आता ब्रश बदलावा, साबण बदलावा, की न्हाणीघराच्या नळाला बाजारात मिळणारा फिल्टर लावावा, हे ठरवता येत नाही. इलेक्ट्रिक शेव्हर वापरून झाला आहे. त्याची थरथर वडिलांना सहन होत नाही. शिवाय गालावर ब्रश फिरू लागला की ते डोळे मिटून स्वस्थ बसतात, आणि तेवढी दहा मिनिटे त्यांचा हातही कमी कापतो. म्हणून ही पद्धत सोडायची माझी इच्छा नाही.

प्रतिसाद १

आपली पहिली शंकाच बरोबर होती. शाळेत आपण ‘सुफेन’ आणि ‘दुष्फेन’ पाणी शिकलो, तोच हा प्रकार आहे. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचे पोटॅशियम आणि सोडियमचे क्षार असतात. बोअरवेलच्या पाण्यात खडकातून विरघळून आलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असते. ते साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करते, आणि फेस होण्याऐवजी साबणाचा बराचसा भाग त्या साक्यातच खर्ची पडतो. ब्रशच्या मुळाशी जमलेले गोळे म्हणजे हाच साका असावा. शाम्पू हा साबण नसून डिटर्जंट वर्गातला पदार्थ आहे. त्याचा असा साका होत नाही, म्हणून शाम्पूच्या फेसावरून पाण्याची पारख करता येत नाही.

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याची एकूण दुष्फेनता, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह असते आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. म्हणजे पिण्याला योग्य ठरलेले पाणीही दाढीच्या साबणाला पुष्कळ जड असू शकते.

खात्री करायची असेल तर दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत नळाचे आणि दुसरीत आरओचे पाणी अर्धी बाटली भरा, दोन्हींत दाढीच्या साबणाचा सारखाच कीस टाकून जोराने हलवा आणि पाच मिनिटे ठेवा. नळाला लावायचे अनेक फिल्टर कोळशाचे असतात; ते क्लोरीन काढतात, दुष्फेनता काढत नाहीत. तो खर्च करू नका. एका दाढीला वाटीभर पाणी पुरते, तेवढे आरओचे घेणे सहज परवडते.

एक विचारतो: दाढीसाठी पाणी नेमके कुठून घेता?

धागाकर्ता

आपल्या शेवटच्या प्रश्नाने मला थांबून विचार करायला लावले. आरओ यंत्रातून शुद्ध पाण्याखेरीज वेगळ्या नळीने बाहेर पडणारे टाकाऊ पाणी वाया जाऊ नये म्हणून आम्ही ते बादलीत साठवतो आणि न्हाणीघरात वापरतो. नौपाड्यात हे यंत्र नव्हते. दाढीचा मग गेले चार महिने मी त्याच बादलीतून भरत होतो, आणि ते पाणी स्वच्छ दिसत असल्यामुळे त्यात काही वावगे असेल असे मनातही आले नाही.

बाटल्यांचा प्रयोग मी दोनऐवजी तीन बाटल्यांवर केला. आरओच्या पाण्यावर चार बोटे फेस उभा राहिला आणि पाच मिनिटांनंतरही तसाच होता. नळाच्या पाण्यावर जेमतेम बोटभर आला. बादलीतल्या पाण्यात फेस धरलाच नाही. पाणी ताकासारखे गढूळ झाले आणि वर पांढरे कण तरंगू लागले.

प्रतिसाद २

यंत्र जे क्षार गाळून बाजूला काढते ते सगळे त्या बादलीत उतरतात, त्यामुळे ते पाणी नळाच्या पाण्याहूनही जड असणारच. फरशी पुसायला ते चालेल, साबणाला नाही. नळाचे पाणी उकळून घेण्याचा सल्लाही कोणी देईल. उकळल्याने बायकार्बोनेटमुळे आलेली दुष्फेनता कमी होते, क्लोराइड आणि सल्फेटमुळे आलेली तशीच राहते. आरओचेच कोमट पाणी घ्यावे.

ब्रश टाकू नका. दहा वर्षे मुरलेला डुकराच्या केसांचा ब्रश नव्यापेक्षा पुष्कळ चांगला असतो, कारण वापराने त्याची टोके फाटून मऊ होतात. पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे पांढरे व्हिनेगर घालून त्यात ब्रशचे केस दहा मिनिटे बुडवून ठेवा, बोटांनी मुळापर्यंत चोळा आणि साध्या पाण्याने भरपूर धुवा. पाणी कढत नको. त्याने केस धरून ठेवणारा डिंक सैल होतो.

फेस करण्याआधी हा ब्रश चार-पाच मिनिटे भिजवावा, कारण राठ केस पाणी शोषल्यावरच लवचीक होतात. मग तो झटकून नुसता ओलसर ठेवावा आणि वडीवर अर्धे मिनिट फिरवावा. आधी साबण पुरेसा घ्यायचा आणि पाणी नंतर थेंबाथेंबाने वाढवायचे, हा क्रम महत्त्वाचा आहे. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झाले किंवा साबण कमी पडला असे समजावे. फेसाला दह्यासारखी चकाकी आली की पाणी घालणे थांबवावे. वडिलांची दाढी सावकाश होत असणार, म्हणून एका वेळी एकाच गालाला फेस लावा आणि बाकीचा वाटीत झाकून ठेवा.

तुरटी फिरवत असाल तर ती दाढी पूर्ण झाल्यावरच फिरवा आणि तो हात ब्रशच्या मगात बुडवू नका. तुरटीतले ॲल्युमिनियमही साबणाचा साकाच करते.

धागाकर्ता

आपण दोघांनी सांगितले तसे सर्व केले. व्हिनेगरच्या पाण्यात ब्रशमधून निघालेला पांढरा थर पाहून मला स्वतःलाच आश्चर्य वाटले. आज सकाळी दोन्ही गाल आणि गळा होईपर्यंत वाटीतला फेस ओला होता आणि हनुवटीखाली एकही ओरखडा उठला नाही. वडिलांनी गालावरून उलटा हात फिरवून पाहिला आणि “आज नौपाड्यासारखी झाली” एवढेच म्हणाले.

आता एवढेच विचारायचे आहे की पावसाळ्यात हा ब्रश दोन दिवसांतही वाळत नाही आणि त्याला कुबट वास येतो. त्याचे काय करावे?

प्रतिसाद २

टॉवेलवर दाबून पाणी टिपून घ्या आणि ब्रश न्हाणीघरात न ठेवता खोलीत पंख्याच्या वाऱ्यावर, केस खाली करून टांगून ठेवा. जमल्यास सिंथेटिक केसांचा एक स्वस्त ब्रश आणून जुलै-ऑगस्टमध्ये आलटून पालटून वापरा. त्याला भिजवावे लागत नाही, तो रात्रभरात कोरडा होतो, आणि जुन्याला दोन दाढ्यांमध्ये पूर्ण चार दिवस मिळतात.