मदत हवी आहे: गोपनीय कागदपत्रांचा मोठा साठा घरच्या घरी कसा नष्ट करावा?
बँकेची जुनी विवरणपत्रे, करविषयक कागद आणि वैद्यकीय अहवाल यांची अनेक खोकी घरात साठली असून, जपून ठेवण्याजोगे तेवढे वेगळे काढल्यावर उरलेले सारे नष्ट करायचे आहे. उभ्या पट्ट्या कापणारे श्रेडर मला पुरेसे वाटत नाही, कारण पट्ट्या चिकाटीने पुन्हा जुळवता येतात. पी-४ श्रेणीचे (श्रेडर कागद किती बारीक कापते हे दर्शवणाऱ्या सुरक्षा-श्रेणींपैकी एक) यंत्र जास्तीत जास्त १६० चौरस मिलिमीटरचे तुकडे करते खरे, परंतु घरगुती यंत्रे काही मिनिटांतच तापून थांबतात. जाळण्याचा विचार धुरामुळे सोडला. शिवाय गठ्ठ्याच्या आतली पाने बहुधा शाबूतच राहतात. कागद पाण्यात भिजवून लगदा करण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर कोणी वापरली आहे काय, आणि प्लास्टिकचा थर असलेल्या कागदांचे तेव्हा काय केले? की व्यावसायिक सेवेकडून आपल्या डोळ्यांदेखत काम करून घेणेच श्रेयस्कर ठरेल?