समोर बसून ऐकल्यासारखं वाटेल असं रेकॉर्डिंग सुचवा

रंकाळवेस:
मंडळी, सल्ला हवाय. जुना ॲम्प्लिफायर दुरुस्त करून आणलाय, जोडीला बुकशेल्फ स्पीकर. कोल्हापुरात राजारामपुरीतली दहा बाय बाराची खोली. देवल क्लबात मैफलीला पुढं बसल्यावर तानपुऱ्याची जवारी (तारेचा तो झणझणता गुंजारव) जशी अंगावर येते, तसं घरात काय ऐकू? शास्त्रीयच पाहिजे असं नाही. नावं द्या, उगाच 'सगळंच भारी' नको.

तर्रीबाज:
भावा, डोळं झाकून 'कॉल ऑफ द व्हॅली'. १९६७ चं. शिवकुमारांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. विषय संपला.

डग्गा:
वादन लई भारी, पण त्यानं विचारलंय जिवंत आवाजाचं. माझ्याकडून पहिलं नाव 'अ मीटिंग बाय द रिव्हर'. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा, राय कूडरची स्लाइड गिटार, सुखविंदर सिंग नामधारींचा तबला. १९९२ ला कॅलिफोर्नियात सांता बार्बाराच्या एका चॅपेलमध्ये केलेलं. वॉटर लिली अकूस्टिक्सच्या कवी अलेक्झांडरनं दोनच माइक एकमेकांशी काटकोनात लावले (ब्लूमलाइन पद्धत) आणि व्हॉल्व्हच्या (जुन्या काचेच्या नळ्यांच्या) यंत्रणेतून टेपवर घेतलं. प्रत्येक वाद्याला वेगळा माइक लावून नंतर मिक्स केलं की वाद्यं येतात, जागा येत नाही. इथं कोण कुठं बसलंय ते कळतं, भिंतीवरून परतलेला आवाजही येतो. डग्ग्यावर मनगट सरकतं तेव्हाची मींड (सूर घसरत जातो ती) ऐक, बाकी काही सांगत नाही.

दुसरं 'द ट्रिनिटी सेशन', काउबॉय जंकीजचं. १९८७, टोरंटोतलं चर्च, सगळा बँड एकाच माइकभोवती. गायिकेचा आवाज तेवढा स्पीकरवर सोडून त्याच माइकात धरलाय. गाणी संथ आहेत, रात्री लाव.

हायफाय दुकानात गेलास की 'जॅझ ॲट द पॉनशॉप' ऐकवतील. स्टॉकहोमच्या स्टांपेन क्लबात डिसेंबर १९७६ मध्ये घेतलेलं. पेल्यांची किणकिण, मागची कुजबुज एकदम खरी. संगीत मला बेताचंच वाटतं.

पेठेतला:
चर्च नि क्लब कशाला? अल्लादियाखाँसाहेब आपल्या शाहू महाराजांच्या पदरी होते, त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. त्यांची 'जात कहाँ हो' १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. ती ऐका आधी!

डग्गा:
दादा, गाणं जिवंत आहे, ध्वनिमुद्रण नाही. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीत साडेतीन मिनिटांत सगळं कोंबायचं, वर खरखर. जवारी ऐकायला हा मनुष्य तिथं जाऊन काय करणार?

पेठेतला:
जवारी नाही ऐकली तरी चालेल म्हणतो मी. असो.

रंकाळवेस:
डग्गादादा, 'रिव्हर' ब्लूटूथवर लावून बघितलं. वीणा मस्त, तबला मात्र नुसता गुबगुबतोय.

डग्गा:
स्पीकर भिंतीला टेकलेत का? भिंतीजवळ खर्ज फुगतो, कोपऱ्यात तर दुप्पट त्रास. दीड-दोन फूट पुढं ओढ, ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला आण. दोन्ही स्पीकरमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर तू बस. फरशी उघडी असेल तर घोंगडं टाक. आणि ब्लूटूथ सोडून वायर लाव. सीडी मिळाली तर उत्तमच.

रंकाळवेस:
पुढं ओढले तर कपाटाचं दार उघडत नाही.

तर्रीबाज:
कपाट विक की!

डग्गा:
ऐकताना ओढायचे, झालं की मागं ढकलायचे. फरशीवर खडूनं खुणा करून ठेव, रोज मोजत बसायला नको.